शेजारच्या खाटेचं जेवण

मी डिचोलीला डायलिसिसला जायचो, तेव्हा शेजारच्या खाटेवर इब्रामपूरचे एक आजोबा असायचे. नाव कधी विचारलं नाही. नळ्या जोडल्या की ते माझ्याकडे वळायचे. "काल जेवणाक काय होता?" मी बांगड्याचं हुमण म्हटलं, की "तिरफळां घातलेली मां?" हा पुढचा प्रश्न. मग डोळे मिटून ऐकायचे. या आजारात त्यांना सगळंच लोखंडासारखं लागायचं. "तुजा आयकलंय काय घराक जावन दोन घास जातत," म्हणायचे.

एकदा मलाच अन्न नको झालं होतं. "काल जेवलोच नाही," म्हटलं.

आजोबा भडकले. "मगे खोटा तरी सांग! आता मी घराक जावन काय जेवू?"

मी सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, कढी रचायला घेतली. खोबरं वाटून होईपर्यंत माझ्याच तोंडाला पाणी सुटलं.