भरलेली झारी

आमचे बाबा, दत्तात्रय नवाथे, केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर. त्यांच्या एका प्रश्नाने जेवताना आमचं डोकं उठायचं: देवाला सगळं आधीच माहीत असेल, तर माणूस ठरवतो तरी काय?

सत्त्याण्णव साली दिल्लीच्या द्वारकेत आमची सोसायटी उभी राहिली आणि मजला निवडायचा फॉर्म आला. तीन दिवस घोळ घालून बाबांनी पुढे बागेची जागा असलेला तळमजला लिहिला. घरी येऊन बघतात तर आईने मोगऱ्याची, जास्वंदीची रोपं आणून ठेवलेली.

"अच्छा! तुला आधीच माहीत होतं? मग मी काय ठरवलं, कप्पाळ?"

"तुम्ही ठरवणार होतात, म्हणून मला कळलं. मी काय तुमचा हात धरून लिहिलं?"

बाबा असे चिडले, की तस्से परत जाऊन तिसरा मजला लिहून आले. "आता लाव तुझी बाग!"

"लावली की. म्हणून तर कुंड्यांतली आणली," आई शांतपणे म्हणाली.

तिसऱ्या मजल्यावर बाबा अगदी खूश आहेत. रोज सकाळी बाल्कनीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतात, "हे पाणी मी माझ्या मर्जीने घालतोय हं!"

झारी आईने आधीच भरून ठेवलेली असते.