सात दात्यांचा पिनियन

लढाई संपली, लष्कराने नगरच्या माळावर जुन्या गाड्यांचे डोंगर विकायला काढले आणि आमच्या घरात एक ट्रक शिरला. निम्मा माझा, निम्मा दाजींचा. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, घोडेगावच्या बाजारातले बैलांचे व्यापारी. धुळीतून बैलाचे नुसते कान दिसले तरी ते त्याच्या आजोबाची खोड सांगत. ट्रकातलं त्यांना काही म्हणजे काही कळत नव्हतं, पण ते घरचे जावई होते. आमच्याकडे जावयाच्या शब्दापुढे वडीलसुद्धा बोलत नसत. भाजीत मीठ नसलं आणि दाजी ‘झकास’ म्हणाले, तर सगळं घर ती भाजी अळणी खाई.

वडिलांनी मला एकच अट घातली होती. रेशनची ज्वारी राजूरच्या डोंगरात पोचवायचं काम आम्हाला मिळालं होतं. ते जमलं तर ट्रक मी चालवायचा. नाही जमलं तर ट्रक विकायचा आणि मी पुन्हा मोटेवर. ज्यांनी मोट हाकली नाही त्यांना सांगतो. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपासूनच्या उतारावरून, खाली उतरले की विहिरीतून मोट वर येते, आणि ती रिकामी झाली की त्याच बैलांना मागं सारत सारत चढावर आणायचं. दिवसभर हेच. जेवढं पुढं गेलो तेवढं उलटं यायचं. मिसरूड फुटल्यापासून मी एवढा उलटा चाललो होतो की सरळ मोजलं असतं तर काशी गाठली असती. त्या धावेवर पुन्हा पाय ठेवायचा नाही, एवढं मी मनाशी पक्कं केलं होतं.

पण ट्रकचे टायर फाटलेले, आणि त्या मापाचे टायर उभ्या जिल्ह्यात मिळेनात. तेव्हा दाजींनी लिलावातून टायर आणले ते मूळ मापाहून चांगले वीतभर उंच. जनावर कसं उंचपुरं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. ट्रक असा उंच झाला की खाली सावलीला दोन म्हशी रवंथ करत बसायच्या, आणि वर मी बसलो की मला भुईकोट किल्ला आतून दिसायचा. सपाटीला गाडी वाऱ्यासारखी जाई. साधा चढ लागला की मेली. पहिल्या गियरमध्ये इंजिन अशा धापा टाकी, की खालच्या वाडीतल्या बायका गिरणी सुरू झाली समजून दळण घेऊन निघत.

नगरच्या मिस्त्रीकडे गेलो. हा माणूस बोलायला लागला की हातोडा खाली ठेवत नसे, त्यामुळे सगळे लांबूनच ऐकत. तो म्हणाला, चाक मोठं म्हणजे पाऊल मोठं, इंजिन मात्र तेच. लहान पोराला बापाची ढांग टाकायला लावलीत तर चढावर ते बसणारच. मग त्याने मागच्या अॅक्सलचं पोट उघडून दाखवलं. इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याच्या टोकाला दातेरी पिनियन असतो आणि तो क्राऊन नावाचं मोठं चक्र फिरवतो. चाकाच्या एका फेऱ्याला पिनियनचे जितके फेरे जास्त, तितकी गाडी हळू, पण जोरकस. टायर मोठे केलेत ना, मग हे फेरे वाढवा.

भंगारवाल्याकडे दोन जोड्या निघाल्या. एकीचा पिनियन सात दात्यांचा, क्राऊन अठ्ठेचाळीसचा. म्हणजे जवळजवळ सातास एक. दुसरीचा पिनियन आठ दात्यांचा, क्राऊन एक्केचाळीसचा. पाचास एकच्या आसपास. आमच्या मूळ जोडीचं प्रमाण या दोन्हींच्या मधलं. आंधळ्यानेही पहिली उचलली असती. मी उचललीच होती.

“किती दात म्हनला?” दाजींनी विचारलं.

“सात.”

दाजींनी काढलेल्या वहाणा पुन्हा पायात घातल्या. “मग चला.”

बैलांच्या बाजारात सात दातांचा बैल कोणी फुकट दिला तरी घेत नाहीत. दोनदाती, चारदाती, सहादाती चालतो; आठ दातांचा, तोंड पुरं भरलेला, तो जुळलेला म्हणून मिरवतो; पण सातदात्या म्हणजे घरात मरण आणलं. मी म्हणालो, “दाजी, लोखंड हाय ते.”

“म्हनून तर. बैल निदान वैरनीवर भागवल, लोखंड मानसं खाईल.”

मिस्त्री वैतागला. “एक दात पाडून देऊ का? सहादाती हुईल.”

दाजींनी त्यावर खरोखर विचार केला. “पाडलेला दात बाजारात वळखू येतो,” म्हणाले, आणि भंगारवाल्याचा हात बैलबाजाराच्या रीतीने रुमालाखाली धरून आठदाती जोडीचा भाव बोटांनी करायला लागले. तो बिचारा हात सोडवून घेत होता.

मी आक्काकडे गेलो. तिने नवऱ्याला दोन शब्द सांगावेत एवढंच मागणं. ती म्हणाली, ते बोलले ना, झालं तर मग. आणि सातदात्या आणलास तर मी माहेरचा उंबरा ओलांडणार नाही. मग मिस्त्रीला पटवलं की गुपचूप सातच बसव, झाकण लागल्यावर कोण बघतो. त्या दिवशी दाजी स्टूल टाकून अॅक्सलपाशी बसले ते शेवटचा बोल्ट आवळेपर्यंत. मध्येच हात आत घालून, बैलाच्या तोंडात घालतात तसा, बोटांनी दाते मोजले, पुरे आठ. हात ग्रीसने कोपरापर्यंत माखला, चेहरा मात्र प्रसन्न.

पोती भरून निघालो. राजूरच्या दुकानात बाजाराच्या दिवसाआधी ज्वारी पडली नाही तर काम दुसऱ्या ट्रकला जाणार होतं. घाटाच्या पहिल्या वळणावर ट्रक थांबला. थांबला कसला, बसला. दाजी उतरून चाकामागे धोंडा लावत, मी क्लच सोडे, ट्रक थरथरून पुन्हा त्या धोंड्यावर बसे. असं इतक्यांदा झालं की धोंड्याची खडी झाली. शेवटी मी म्हणालो, दाजी, परत फिरू, मोट तर मोट. वळणाच्या रुंद जागेत ट्रक फिरवायला रिव्हर्स टाकला आणि ट्रकचं मागचं तोंड, पोत्यांसकट, वरच्या चढावर सहज चढायला लागलं. रिव्हर्स हा ट्रकचा सगळ्यात जोरकस गियर. मला आधी सुचलं नाही याचा इतका राग आला की मी तसाच मान मागे वळवून वर वर जात राहिलो.

घाटाच्या वर दाजी म्हणाले, “बगा पाव्हनं. जुळलेला दात हाय म्हनून मागं सराया बी ऐकतोय.”

ज्वारी वेळेत पडली. काम राहिलं, ट्रक राहिला. त्या हंगामात प्रत्येक खेप मी घाट उलटा चढलो. मान अशी वाकडी झाली की देवळात गेलो तर देवाऐवजी पुजारी दिसे. सातदाती जोडी संगमनेरच्या एका ट्रकवाल्याने नेली होती. मी उलटा चढत असलो की तो मागून सरळ वर येई. आमची तोंडं समोरासमोर, मध्ये दोन हात अंतर. सगळा घाट तो शेंगा खात माझ्याकडे बघे. एकदा त्याने विचारलं, “पाव्हनं, मला कुठवर पोचवाया येताय?”

पुढे वडील एकदा माझ्याबरोबर आले. घाट लागला, मी मान वळवली, रिव्हर्स टाकला. वडील काचेतून खाली दूर जाणारा रस्ता बघत राहिले.

“धाव लांब हाय रं तुजी,” म्हणाले.

दाजी शेजारी बसले होते, म्हणून मी म्हणालो, “झकास हाय.”