काच कापली तरी

आमी नवराबायको मोटारसायकलवर बाजारोबाजार चादरी विकतो. माह्या नवऱ्यानं, देवानंदनं, गाडीले समोर प्लास्टिकची उंच काच काय लावली, काचेवरून उसळलेलं वारं थेट आमच्या डोक्यावर आदळाले लागलं. दुसरबीडचा बाजार येईपर्यंत मान आखडे, कानात नुसती घरघर. मी मागून काही म्हणलं की याचं एकच, "वाऱ्यात ऐकू येत नाही."

काच कमी करा म्हणलं, तेही ऐकू आलं नाही! काल माह्यं डोकंच फिरलं. आरी घेतली अन् काच वरून चार बोटं कापून टाकली.

आज वारं छातीवर, पण डोक्यापाशी सगळं शांत. म्हणलं, "मले गाडी शिकवता काय?"

"हेल्मेटात ऐकू येत नाही."

तेवढ्यात रस्त्याकडच्या हॉटेलवाल्यानं हळूच "चहा?" म्हणलं, अन् यानं कचकन ब्रेक दाबला.

मी चाबीच हिसकली. आता शिकवल्याबिगर देत नाही.