थेंबाला लावलेला ब्रेक

गिरीज गावात तेजस्वीला सगळे 'अणुवाली' म्हणत. केळीच्या वाडीतल्या घराच्या ओटीवर ती लॅपटॉप घेऊन बसलेली असे. अणूंची केंद्रकं प्रचंड वेगाने एकमेकांवर आदळली की क्षणभर एक तापलेला थेंब तयार होतो आणि द्रवासारखा वाहतो. प्रयोग परदेशात व्हायचे. तो थेंब किती चिकट, कसा पसरतो, हे ती इथे गणिताने उभं करायची. एकट्या प्रोटॉनच्या लहानशा टकरीतही असा थेंब होतो, हे तिच्या प्रबंधाचं म्हणणं. त्यात तिची पाच वर्षं गेली होती.

या गणिताची एक खोड होती. थेंबाच्या विरळ कडेला चिकटपणाचा आकडा भलताच फुगतो आणि प्रोग्रॅम कोसळतो. म्हणून तिथे तो दाबून ठेवायचा. तिच्या गटात त्याला 'ब्रेक' म्हणत. प्रबंध पाठवण्याआधी तिने सहज तपासलं, ब्रेक नेमका कुठे लागतोय. जिथे लागेल तिथे पडद्यावर लाल रंग. लाल फक्त कडेला हवं होतं. अख्खा थेंबच लाल निघाला.

ब्रेक काढला, तर प्रोग्रॅम बंद. सैल केला, तर उत्तर बदललं. आणखी सैल केला, तर आणखी निराळं.

तिने मार्गदर्शक कामत सरांना फोन लावला.

"ब्रेक सगळेच लावतात गं. तळटीप दे."

"कडेला लावतात, सर. माझं उत्तर थेंबाचं नाहीच, ब्रेकचं आहे."

"मग प्रबंधातून ते प्रकरण काढ."

"मग उरतं काय?"

"मलाही सुचत नाहीये," ते म्हणाले.

केळीचे घड उतरवून मोठा भाऊ भूपेश ओटीवर आला. "काय डॉक्टरीणबाई, फुटले का अणू? तुझी डॉक्टरेट झाली की आबा आळीला जेवण घालणार म्हणतात. तारीख सांग, मंडपवाला डोकं खातोय."

"दादा, फसलंय सगळं."

"मग दुरुस्त कर की."

"चूक असती तर केली असती. इतक्या लहान थेंबाला हे गणितच चालत नाही."

तो पडद्याकडे बघत राहिला. "लाल म्हणजे वाईट?"

"हं."

तो तिच्याशेजारी टेकला. तिने निष्कर्षातलं 'थेंब तयार होतो' हे वाक्य पुसलं. 'होत नाही' लिहिलं. तेही तिला कुठे ठाऊक होतं? पुसलं.

वाडीतून आबांची हाक आली, "तारीख ठरली का गं?"

भूपेशने तिच्याकडे पाहिलं आणि तोच ओरडला, "सांगतो!"