काकूंच्या उपाशी पेशी

दोन्ही मुलींची लग्नं उरकली आणि काकूंनी पीएचडीला नाव घातलं. नातेवाइकांनी नाकं मुरडली. "आता या वयात कशाला हा उपद्व्याप?" असं नणंद तोंडावर म्हणाली. पण काकू कसल्या ऐकतायत! बाई पहिल्यापासून हट्टी. प्रयोगशाळेत त्यांना सगळेच काकू म्हणायचे, मार्गदर्शक सरसुद्धा.

आपल्या अंगातली पेशी स्वतःचेच मोडके, झिजलेले भाग तोडते आणि पुन्हा वापरते. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना या सोयीचा काय उपयोग, ते काकूंना दाखवायचं होतं. एका डबीत साध्या पेशी, दुसरीत ही सोय बंद केलेल्या. पण मेला फरकच दिसेना. दोन्हीकडे सगळं ठणठणीत! शेवटी सर म्हणाले, "काकू, आता एकदाच बघू. नाही जमलं तर विषय सोडून देऊ." म्हणजे इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात.

तरी दुसऱ्या दिवशी काकू आपल्या पेशींचं पोषक पाणी बदलायला बसल्या. शेजारच्या टेबलावरची मुलगी हसली. "काय हो काकू, रोज ताजं ताजं? जावयाची सरबराई चाललीय नुसती!"

काकूंचा हात थबकला. अगं बाई! भरल्या पोटी कोण कशाला घरातली मोडतोड धुंडाळेल?

त्यांनी दोन्ही डब्यांचं पोषण तोडलं. जिवावर आलं होतं, खोटं कशाला बोला! पण साध्या पेशी तगल्या. पुन्हा खायला घालून जंतूचे तुकडे दाखवले, तर पदर खोचून लढायला उभ्या! सोय बंद केलेल्यांनी मात्र केव्हाच मान टाकली होती. काकूंनी परत परत करून पाहिलं, तेच. मग त्या जवळजवळ पळतच सरांच्या खोलीत गेल्या.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. मागच्या रांगेत काका आणि दोघी मुली. सगळं ऐकून परीक्षक सरांकडे वळले. "उपाशी ठेवायची कल्पना झकास. तुमची का?"

सरांनी काही बोलायच्या आत काकू म्हणाल्या, "माझी."

आवाज जरा मोठाच लागला. लागू दे. "माझी कल्पना आहे," त्यांनी परत सांगितलं, आणि काका नियमबियम विसरून टाळ्या पिटायला लागले.