भांडून केलेला गुरू

आमच्या आक्कांचे किस्से मी कधी लिहून ठेवले नाहीत. तशी गरजच पडत नाही. नाशिक कोर्टाच्या बाररूममध्ये कुणीतरी चहाचा कप खाली ठेवत खोचकपणे विचारतंच, "काय मॅडम, वकील असून गुरू केलात?" की एक किस्सा बाहेर पडतो आणि त्याच्यामागून दुसरा!

हो, केला गुरू. आणि भांडून केला! आक्का सत्तरीच्या. सुरगाण्याकडच्या डोंगरात भात-नागली पिकवतात, सहीच्या जागी अंगठा लावतात. महिन्यातून एकदा त्र्यंबक रोडला भाचीकडे येतात, तेव्हा तिच्या पत्र्याच्या पडवीत आम्ही सात-आठ जण जमतो.

पहिल्या दिवशी सगळे रांगेनं पाया पडत होते. माझी पाळी आली. मी ताठ उभी राहून सांगितलं, "मी कुणाच्या पाया पडत नाही."

रांगेतले सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले.

आक्का म्हणाल्या, "नको पडू. पण बस खाली. पंख्याचं वारं अडवतीस!"

*

आमच्यात एक सर्जन आहेत, मोठं नाव. एकदा त्यांनी सगळ्यांसमोर डोळे मिटून जाहीर केलं, "आक्का, आजपासून माझा अहंकार तुमच्या चरणी अर्पण!"

आम्हालाही भरून आलं. पुढच्या बैठकीला एक नवीन गृहस्थ आले, तर डॉक्टरांनी त्यांना अहंकार कसा अर्पण केला ते साग्रसंगीत सांगितलं. त्याच्या पुढच्या वेळी आणखी एकाला.

आक्का ऐकत होत्या. म्हणाल्या, "दिलाय म्हंतो, अन् दर खेपेला येऊन बघतो, हाय का जागेवर!"

डॉक्टर तीन महिने फिरकले नाहीत. नंतर आले, ते गुपचूप मागच्या ओळीत बसले. अजून तिथंच बसतात.

*

दुसरे आमचे बिल्डर. त्यांना ते पत्रे बघवत नव्हते. "आक्का, इथं मस्त हॉल बांधतो. बाहेर तुमच्या नावाचा बोर्ड."

"खाली बांधणाऱ्याचं नाव?"

"अगदी बारीक अक्षरात, आक्का."

"मंग हॉलपण बारीकच बांध!"

पत्रे अजून तसेच आहेत. एप्रिल-मेमध्ये आम्ही भाजून निघतो!

*

श्रावणात आक्का मला म्हणाल्या, "रविवारी गावी ये."

"का?" मी विचारलं. कोर्टातली सवय!

बिल्डर दबक्या आवाजात माझ्यावर डाफरले, "मॅडम, गुरूला 'का' विचारायचं नसतं. शरण जायचं म्हणजे जायचं!"

आक्का त्यांच्याकडे वळल्या. "इचारू दे तिला. न इचारता मागं चालतं ते मेंढरू." मग मला म्हणाल्या, "नागलीत तण लय झालंय, म्हून."

गेले. दिवसभर चिखलात वाकून निंदलं, कंबरेचा काटा ढिला झाला. मनात म्हटलं, यात नक्की काहीतरी खोल अर्थ असणार. संध्याकाळी विचारलं, "आक्का, यातून मी काय शिकायचं?"

"तण वळखायला शिक," आक्का म्हणाल्या. "निम्मी नागली उपटलीस माझी!"

*

आता एकच किस्सा सांगते. हा मी बाररूममध्ये सांगत नाही.

आक्कांच्या वनपट्ट्याचा दावा होता. तीन पिढ्या ती जमीन कसतायत, पण ती वनखात्याच्या हद्दीत, नावावर कागद नाही. वकीलपत्र मी घेतलं. जीपमधून जाताना बजावलं, "आज सगळं मी बोलणार. तिथं तुम्ही अजिबात तोंड उघडायचं नाही."

"नाय उघडत."

सुनावणीत मी अर्धा तास बोलले. काय बोलले! सुनावणी घेणारे साहेब लिहून घेत होते. शेवटी त्यांनी आक्कांना विचारलं, "आजी, तुमची जमीन ओढ्याच्या पलीकडची. बरोबर?"

आक्का गप्प. हात जोडलेले, नजर माझ्यावर.

"अहो आजी, हो की नाही?"

गप्पच!

मला काही कळेना. समोरचा नकाशा पुन्हा पाहिला. जमीन ओढ्याच्या अलीकडची होती! पलीकडचं शेत शेजाऱ्याचं. अर्धा तास मी ठासून चुकीचं सांगत होते. तसंच नोंदलं गेलं असतं, तर आक्कांच्या हातून जमीन गेली असती.

'अशिलानं मला चुकीची माहिती दिली' हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. अशा वेळी वकील तेच म्हणतात. बावीस वर्षं मीही तेच म्हणत आले. आक्का काही उलटून बोलणार नव्हत्या, हेही मला ठाऊक होतं.

"साहेब," मी म्हणाले, "चूक माझी आहे. अशिलाची नाही. जमीन अलीकडची."

समोरच्या बाकावर वनखात्याच्या लोकांत खसखस पिकली. साहेबांनी दुरुस्ती करून घेतली. पुढे दोन महिन्यांनी पट्टा आक्कांच्या नावावर झालाही.

पण त्या दिवशी बाहेर पडल्या पडल्या मी भडकले. "मी चुकतेय हे तुम्हाला कळत होतं ना? मी म्हटलं म्हणून गप्प बसायचं? अहो, जमीन गेली असती!"

आक्कांनी पदर खोचला आणि स्टँडकडे चालू लागल्या.

"जमीन कुठं गेली?" त्या म्हणाल्या. "गेलं ते येगळंच. चल लवकर, जीप भरंल!"