माहेरच्या गुलाबाचे चार डोळे

मोजा निघंना. सकाळचे नऊ वाजले व्हते, आत्याबाई खाटंवर थरथर कापत व्हत्या, अंग तव्यावानी तापलेलं, अन् मी खाली बसून त्यांच्या उजव्या पायातला मोजा ओढत व्हते, तर तो कातडीलाच चिकटलेला. कोमट पाणी आणून ओतलं, हळूहळू सोडवला, अन् जे दिसलं ते बघून मी मागं सरकले ती भिंतीलाच टेकले. अंगठा काळा पडलेला, शेजारचं बोटबी काळं. वास तर चार दिवसांपासून येत व्हता, खोटं कशाला बोलू, मीच खोलीत उदबत्ती लावत व्हते. माझी दीड वर्षाची परी पाळण्याला धरून उभी राहून रडायली व्हती. ह्यांना फोन लावला तर कंपनीत फोन गेटवरच जमा करून घेतात, तो वाजून वाजून बंद झाला. मग शेजारच्या काकूंनी रिक्षा आणली, आमी दोघींनी आत्याबाईला उचलून बसवलं, परी माझ्या कडेवर, आत्याबाईचं डोकं माझ्या खांद्यावर, अन् क्रांती चौकात गाड्या अशा अडकल्या की पुढं जाईनात. तेवढ्यात आत्याबाईनं डोळे न उघडता इचारलं, "पूजे, झाडांना पाणी घातलं का?" मी म्हणलं, व्हय, घातलं. घातलं नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टर मॅडमनं मला इचारलं, जखम कधीची? मी कडेवरच्या परीकडं बघितलं अन् म्हणलं, परवाची. मॅडमनं वाकून पाय बघितला. "परवाची अशी नसते," एवढंच म्हणल्या अन् पडदा ओढून घेतला. जखम अकरा दिवसांची व्हती. मला एकेक दिवस पाठ व्हता...

आता दोन महिने व्हत आले आत्याबाईला जाऊन. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. शेजारच्या काकू शाळंत बाई व्हत्या, त्या म्हणल्या, पूजा, तू बोलतीस तसंच लिही, मी पेपरला पाठवते, लोकांना कळू दे त्या कशा व्हत्या. मी आठवीतून शाळा सोडली, चुकलं तर संभाळून घ्या.

लग्न होऊन मी गारखेड्यातल्या ह्या घरात आले तवा घर नवंच व्हतं. आत्याबाईचा सगळा संसार भाड्याच्या खोल्यांत गेलेला, मामाजी लवकर गेले, एकुलत्या एका पोराला त्यांनी लोकांचे कपडे शिवून मोठं केलं. घर बांधताना पोराला म्हणल्या, मला खोली नको, पलंग नको, दाराम्होरची दहा फुटाची पट्टी दे, तिथं फरशी घालू नको. तिथं नुसता मुरूम व्हता, विटांचे तुकडे, वाळलेलं सिमेंट. त्यांनी तो मुरूम रोज थोडा थोडा घमेल्यानं बाहेर काढला, पार गुडघ्याइतका खड्डा केला. मग बिडकीनहून माती आणली. बिडकीन त्यांचं माहेर. तिथली जमीन कारखान्यांसाठी गेली, त्यांच्या भावाचा मळाबी गेला, तर मशिनी यायच्या आधी ह्या टेंपो घेऊन गेल्या अन् मळ्यातली काळी माती गोण्यांत भरून घेऊन आल्या. भाऊ म्हणला, अगं बहिणी साडी मागतात, तू ढेकळं मागायलीस. ह्या म्हणल्या, साडी फाटती.

त्या मातीत आत्याबाई कधी चप्पल घालून गेल्या नाहीत. पट्टीच्या कडंला चप्पल काढायच्या, पदर खोचायचा अन् मग आत. मी एकदा चप्पल घालून पाणी घालाया गेले तर मला मागं बोलावलं. रागावल्या नाहीत. म्हणल्या, पूजे, माझ्या बापाच्या वावरात पायताण नको गं.

मला वाटायचं गुलाब म्हंजी नर्सरीतून कुंडी आणायची अन् लावायची. तसं नसतंय. बिडकीनच्या रस्त्याला रशीदचाचांची नर्सरी हाय, त्यांनी आत्याबाईला शिकवलं. आधी जंगली गुलाबाच्या काड्या लावायच्या, त्या वर्षभर मुळं धरत्यात, तोवर नुसते काटे. मग त्या खुंटाची साल चिरायची, चांगल्या गुलाबाच्या फांदीवरचा एक डोळा, म्हंजी जिथून नवा कोंब फुटतो तो दाण्यावानी भाग, सालीसकट काढून त्या चिरंत बसवायचा अन् वरून पट्टी बांधायची. रशीदचाचा म्हणायचे, "बाई, नीचे जंगली पाँव, ऊपर शरीफ सर. आँख बिठाए की एक महिना उसको छेडना नको." डोळा हिरवा राहिला तर जगला, काळा पडला तर गेला. पहिल्या वर्षी आमच्या दारात एक फूल नव्हतं. हे येताजाता म्हणायचे, लोकांच्या दारात तुळस, आमच्या दारात बोराटी. आत्याबाई म्हणायच्या, तुला बोलाया तीन वर्षं लागली, तवा मी काय म्हणले व्हते का?

दुसऱ्या वर्षी नऊ डोळे भरले, चार लागले. त्यातलं एक झाड माझ्याकडं दिलेलं, मी त्याला जीव लावला, खालून एक कोंब असा जोरात वर आला की मी सगळ्यांना दाखवायचे. आत्याबाईनं येऊन बघितलं अन् हसत खालीच बसल्या. तो कोंब जंगली खुंटाचा व्हता, त्यानं सगळं खाल्लं अन् वरचा डोळा सुकला. म्हणल्या, अगं बाई, वऱ्हाडी जेवू घातले अन् नवरदेव उपाशी मारला. नंतर कैक दिवस कुणी जास्ती जेवलं की आमच्या घरात म्हणायचे, हा वऱ्हाडी हाय.

परीच्या येळंला मी लई भ्याले व्हते. माझी आई लांब, मला काहीच येत नव्हतं, लेकरू दूध धरंना, रडून रडून निळं व्हायचं अन् मीबी रडायचे. आत्याबाई परीला छातीशी धरून पट्टीच्या कडंनं फिरायच्या, तिला एकेक झाड सांगायच्या, हा लाल, हा पिवळा, हा अजून रुसलाय. परी गप व्हायची. मला म्हणायच्या, "घाबरू नको, जगायचं असतं ते जगतंच, आपण फक्त हात धुऊन जवळ बसायचं." त्या अशा बोलल्या की मला झोप लागायची. कुणी मला तसं झोपवलं नव्हतं...

त्यांना शुगर व्हती, आधीपासूनच. तळपायाला काही कळायचं नाय, गरम फरशीवर उभ्या राहिल्या तरी कळायचं नाय. डॉक्टरांनी ह्यांना बजावलं की पाय जपा, अनवाणी फिरू देऊ नका. ह्यांचा आईवर लई जीव व्हता, पण राग नाकावर. एकदा आत्याबाईच्या टाचंला खिळा लागलेला, दीड महिना पट्ट्या केल्या, तवा हे मातीच्या पट्टीच्या कडंला उभं राहून म्हणले, "आई, पुन्हा एक जरी काटा रुतला ना, तर सगळं उपटून टाकीन अन् फरशी घालीन. देवाशप्पथ." अन् ते करणारे व्हते. त्यांनी बोललेलं केलं नाही असं मी बघितलं नाय. त्यांनी प्लास्टिकचे बूट आणून दिले. आत्याबाई ते घालून पट्टीपर्यंत जायच्या अन् तिथं काढून ठेवायच्या.

मग ह्या हिवाळ्यात त्यांच्या भावाचा फोन आला. मळ्यातली इहीर बुजवायलेत, जे घ्यायचं ते घेऊन जा. त्या इहिरीवर एक जुना गावठी गुलाब व्हता, आत्याबाईच्या आईनं लावलेला, फिक्का गुलाबी, वास असा की हात धुतला तरी जात नाय. त्याच्या काड्या आत्याबाईनं आधी तीनदा लावल्या, तिन्ही येळा सुकल्या. आता शेवटची फांदी व्हती. ओल्या फडक्यात गुंडाळून आणली, त्याच दुपारी चार खुंटांवर चार डोळे भरले. दुसऱ्या दिवशी भाऊ म्हणला, झाड गेलं, वर मुरूम पडला. म्हंजी त्यांच्या आईचा गुलाब दुनियेत आता एवढाच, आमच्या दारात, चार दाणे, वर पट्टी बांधलेली.

पुढच्या मंगळवारी मी त्यांचे पाय पुसत व्हते तर अंगठ्याच्या खाली काटा मोडलेला दिसला, भवती लाल झालेलं, मधी पू. त्यांना पत्ताच नव्हता. मी उठले, ह्यांना सांगते म्हणलं. आत्याबाईनं माझा हात धरला. इतका जोर त्यांच्या हातात हाय हे मला म्हायती नव्हतं. ह्यांना त्या सत्या म्हणायच्या. परी माझ्याजवळच खेळत व्हती. त्यांनी माझा हात ओढून परीच्या डोक्यावर ठेवला अन् म्हणल्या, "लेकराची आण घे. डोळे फुटेपर्यंत सत्याला सांगायचं नाय. फुटले की मीच सांगते, मग त्यानं मला दवाखान्यात कोंडून ठेवू दे."

मी घेतली आण.

मी काहीच केलं नाही असं नाय. सुई तापवून काटा काढला, कडूलिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं धुतलं, मेडिकलमधून मलम आणलं, दोनदा म्हणलं, आत्याबाई, ह्यांना नका सांगू, आपण दोघी जाऊ डॉक्टरकडं. म्हणल्या, तो डॉक्टर आधी सत्याला फोन लावील. खरं व्हतं ते. थंडी व्हती म्हणून मोजा घातला तर कुणी इचारलं नाय. त्या रोज सकाळी लंगडत जायच्या, वाकून चारी डोळे बघायच्या, आत येऊन म्हणायच्या, हिरवे हायेत. चेहरा असा व्हायचा की मी गप बसायचे. चौथ्या दिवशी मी मनाशी पक्कं केलं, आज सांगते, आण गेली उडत. हे कामावरून आले, मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले, तेवढ्यात परीला ताप भरला. नुसता भरला नाय, डोळे फिरवले तिनं. माझी आई म्हणायची, लेकराची आण मोडली की लेकरावर येते. मी तर मोडलीबी नव्हती, नुसतं मनात आणलं व्हतं. परी दोन दिवसांत बरी झाली. मी पुन्हा तोंड उघडलं नाय. नंतर मोजा त्याच बदलायच्या, मला हात लावू द्यायच्या नाहीत, अन् वास यायला लागला, अन् मी उदबत्ती लावली.

दवाखान्यात म्हणले पाय काढावा लागंल, मग म्हणले आता काढूनबी उपयोग नाय, जहर रक्तात गेलंय. तिसऱ्या दिवशी दुपारी गेल्या. हे त्यांचे पाय धरून बसले व्हते. घरी आल्यावर मला एकदाच इचारलं, "तुला तरी काही दिसलं नाही का गं?" मी म्हणलं, नाय. डोळे अजून फुटले नव्हते ना.

मला वाटलं हे आता सगळं उपटतील. नाही उपटलं. पण पाणीबी घातलं नाय, तिकडं बघितलंबी नाय. मी घालायचे. तेराव्यानंतर दोन दिवसांनी सकाळी गेले तर दोन डोळे काळे पडलेले अन् दोन फुटलेले, मुंगीच्या डोक्याएवढे तांबडे कोंब. मी तिथंच बसले. आण सुटली व्हती. आता सांगायचं व्हतं, अन् आत्याबाई तर म्हणल्या व्हत्या मीच सांगते...

ह्यांना हाताला धरून आणलं, कोंब दाखवले अन् सगळं सांगितलं. काटा, आण, मोजा, उदबत्ती, डॉक्टर मॅडमला 'परवाची' म्हणले ते.  ह्यांनी इचारलं, वार कोणता व्हता? मी म्हणलं, मंगळवार. त्यांनी बोटांवर मोजलं, मग म्हणले, "मंगळवारी मी रातपाळीला व्हतो. दिवसभर घरातच झोपलेलो."

मी म्हणलं, व्हय.

शेजारच्या खोलीत. मधी नुसता पडदा.

त्याला आता महिना झाला. हे मला वाईट बोलले नाहीत, चांगलंबी बोलले नाहीत. परीला घेतात, जेवतात, कामावर जातात. परवा एवढंच म्हणले, मला सांगितलं असतंस तर मी आईला उचलून नेलं असतं, अन् आल्यावर खरंच सगळं उपटलं असतं, अन् तिनं मला जल्मात माफ केलं नसतं, पण ती असती. मग अंघोळीला गेले. नळ किती तरी येळ चालू व्हता.

मी रोज तेच घेऊन बसते. सांगितलं असतं तर त्या असत्या, फरशीकडं बघत बसल्या असत्या. अन् परीला काही झालं असतं तर? नसतं झालं, सगळे म्हणतात आण-बिण काही नसते, शेजारच्या काकूबी म्हणतात. पण त्यांचा हात लेकराच्या डोक्यावर नव्हता. तुमी शिकलेली माणसं, पेपर वाचता, तुमाला जास्ती कळतं. तुमच्या हाताखाली तुमच्याच लेकराची टाळू असती, अजून मऊ, आत धडधडणारी, अन् वरून त्या बाईनं तुमचा हात दाबून धरला असता जिनं तुमाला आईवानी संभाळलं, अन् पडद्याच्या पलीकडं तिचा लेक झोपलेला असता, एक हाक मारली की उठणारा... तर तुमी काय केलं असतं? खरं सांगा, हाक मारली असती का?